बेगमपुऱ्यातली आतली वाट

बद्रीनाथला कचेरीत चपराशाची नोकरी लागली ती पोलीस ॲक्शननंतर तिसऱ्या की चौथ्या वर्षी. त्याचं गाव फर्दापूरच्या पलीकडे. बायकोला, मनकर्णाला, घेऊन तो औरंगाबादेत आला आणि कचेरीतल्याच एकाच्या ओळखीनं त्याला बेगमपुऱ्यात घर मिळालं. मालक हैदराबादेत असतो, एवढंच त्याला सांगितलं गेलं. मालकाचं नाव विचारायचं त्याला सुचलं नाही.

घर दगडी होतं. मध्ये फरसबंद अंगण, अंगणात हौद, आणि हौदात पाणी आपोआप यायचं. मनकर्णाचा पहिला दिवस त्या पाण्याकडे बघण्यातच गेला. विहीर नाही, रहाट नाही, ओढणारं कुणी नाही, तरी पाणी येतंय. नहरीचं पाणी आहे, डोंगराकडून जमिनीखालनं येतं, असं बद्रीनाथनं सांगितलं. तिला ते पटलं नाही, पण पाणी गोड होतं.

पडवीच्या टोकाला एक खोली होती. तिला भलंमोठं कुलूप. ती खोली भाड्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा चुलीपाशी बसली होती. अंगणाच्या डाव्या भिंतीत एक बुटकं दार होतं, ते करकरत उघडलं. तिला वाटलं होतं ते दार कायमचं बंद असेल. त्यातून एक जाडशी बाई वाकून आत आली, हातात झाकलेलं भगुणं. तिनं मनकर्णाकडे बघून सलामासाठी कपाळाला हात लावला, अंगण ओलांडलं, उजव्या भिंतीतलं तसलंच दुसरं दार उघडलं आणि निघून गेली. मनकर्णा हातातली काटकी धरून बघतच राहिली. थोड्या वेळानं दोन पोरी आल्या, हसत हसत पलीकडे गेल्या. मग एक म्हातारी आली, हौदाच्या काठावर बसून दम खाल्ला आणि तीही गेली. मग जाडशी बाई परत आली. आता भगुणं रिकामं होतं.

"तुम्ही कुठं चालल्या?" मनकर्णानं शेवटी विचारलं.

"घर कू," बाई म्हणाली. "घबराओ नक्को. मैं हाजराबी. बाजू में रहती."

"मंग रस्त्यानं का नाय जात?"

हाजराबीला प्रश्न कळला की नाही कोण जाणे. ती हसली. "रस्ता तो येइच है ना," म्हणाली आणि वाकून आपल्या अंगणात गेली.

संध्याकाळी बद्रीनाथला हे सांगितलं तेव्हा त्याची भाकरी हातातच राहिली. "हे घर हाय का चावडी? कुणीबी येतं, कुणीबी जातं!"

"बाया हायत हो नुसत्या."

"आज बाया. उद्या?"

 गावाकडे रझाकारांच्या दिवसांत लोक रात्री शेतात झोपायचे, ते त्याच्या अंगातून गेलं नव्हतं. बंद दार त्याला बरं वाटायचं.

मनकर्णानं चौकशी करायची ठरवली. गल्लीच्या तोंडाशी वच्छलाबाई माळीण राहायची. मोगरा, गुलाब टोपलीत घालून ती गुलमंडीपर्यंत विकून यायची. "ती दारं व्हय?" वच्छलाबाई म्हणाली. "लई जुनी. बादशाच्या टायमाची. पडद्यातल्या बायांना गल्लीत पाय ठेवायला नगं म्हणून ठिवल्याली. या टोकापून त्या टोकापत्तर अशीच हायत."

पण कोपऱ्यावरचा किराणावाला वेगळंच म्हणाला. दारं अलीकडची आहेत. रझाकारांच्या धामधुमीत हिंदू बायकांना लपवायला भिंती फोडल्या. त्याचा शेजारी म्हणाला, छे, फोडल्या त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, फौज आली तेव्हा मुसलमानांनी आपली माणसं लपवायला. दोघं तिच्यासमोरच भांडायला लागले. मनकर्णा मीठ घेऊन परत आली. कुणी कुणाला लपवलं होतं, हे तिला आधीपेक्षा कमी कळत होतं.

कुलपाच्या खोलीचंही तसंच. वच्छलाबाई म्हणाली आत कुणीतरी मेलंय. किराणावाला म्हणाला आत काहीच नाही.

आठवड्याच्या सुट्टीला बद्रीनाथनं सुताराला आणलं आणि दोन्ही बुटक्या दारांना आतून कड्या बसवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डावं दार एकदा हाललं. पुन्हा एकदा हाललं. मनकर्णा चुलीसमोर बसून ऐकत राहिली. पलीकडे हाजराबी काहीतरी पुटपुटली, मग सगळं शांत झालं. कुणी भांडायला आलं नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही. याचंच मनकर्णाला नवल वाटलं. गावाकडे कुणाची पायवाट अडवली असती तर कुऱ्हाडी निघाल्या असत्या.

त्यानंतर एकदा ती दारात उभी असताना गल्लीतून बुरख्यातली एक बाई हळूहळू, भिंतीला हात लावत गेली. चालण्यावरून ती हौदावर दम खाणारी म्हातारी असावी. की नसावी? बुरख्यातून काही कळेना. मनकर्णानं हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक काय मारावी? नाव तिला माहीत नव्हतं.

दिवस जाऊ लागले. आता घर तिचं एकटीचं होतं आणि तिला त्यात करमत नव्हतं. कडी काढावी असं तिला रोज वाटायचं. पण काढली आणि कुणी आलंच नाही तर? आणि आलं, तर कडी का लावली होती म्हणून काय सांगायचं? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "राहू दे की. तुला काय तरास हाय?" 

मग एक दिवस, बद्रीनाथ कचेरीत गेल्यावर, पुढच्या दाराची साखळी वाजली.

दारात शेरवानीतला एक मध्यमवयीन माणूस होता, मागे दोन आडदांड गडी. गड्यांच्या खांद्यावर दोरखंड, हातात पहार. शेरवानीवाल्यानं मान खाली घालून, फार अदबीनं बोलायला सुरुवात केली. त्याची भाषा हाजराबीच्या भाषेसारखी नव्हती. मनकर्णाला तुकडे तुकडे कळले. "खाली करना है," तो म्हणाला. मग म्हणाला, "आज ही." मग गड्यांकडे हात करून, "सब उठा के ले जाएँगे, आप फ़िक्र न करें."

 मालक आला. घर गेलं. आज, आत्ता, भांडी रस्त्यावर.

"थांबा," ती म्हणाली. "मालक घरी नायत." आणि वळून तडक अंगणात गेली. कुठं जायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. हातानं डाव्या दाराची कडी काढली होती आणि ती वाकून पलीकडे गेली होती, तेव्हा तिला कळलं की ती हाजराबीच्या अंगणात उभी आहे.

हाजराबी तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं. कडीचा विषय तिनं काढला नाही. "क्या हुआ गे?"

"माणसं आलीत. घर खाली करा म्हणू राहिलेत. पहार घिऊन आलीत."

"कौन लोगां?"

"मला काय म्हाईत!" मनकर्णा रडायला लागली.

हाजराबी उठली. परक्या पुरुषांसमोर जाऊन तिला बोलता येणार नव्हतं. तिनं मनकर्णाचा दंड धरला आणि तिला आपल्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या दाराशी नेलं. "सीधा जाओ. सीधाच. आखिर के घर से बाहर निकलो, वहाँ से कचेरी का रस्ता मिलता. तुम्हारे मियाँ कू बुला के लाओ." आणि दार उघडून पलीकडे ओरडली, "रस्ता दो गे! बाई कू जाने दो!"

मनकर्णा निघाली. पुढच्या अंगणात एक बाई लेकराला न्हाऊ घालत होती. तिनं साबणाच्या हातानंच दार दाखवलं आणि हाक पुढे दिली, "रस्ता दो गे!" त्याच्या पुढच्या अंगणात खाटेवर एक म्हातारबाबा पडले होते. हाक ऐकून त्यांनी आधीच तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. पुढे शेळ्या होत्या. पुढे एका घरात तुळस होती, आणि डोक्यावर पदर घेतलेली एक बाई म्हणाली, "अगं बया, अनवाणी चालली व्हय?" आणि आपल्या चपला तिच्यापुढे टाकल्या. त्या मोठ्या होत्या. मनकर्णा त्या फटकफटक वाजवत पुढे गेली. एका ठिकाणी कुणी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, ती प्यायली, पेला कुठं ठेवला ते तिला आठवलं नाही. हाक तिच्या पुढे पुढे जात होती. प्रत्येक दार ती पोचायच्या आधीच उघडं असायचं.

शेवटच्या दारातून ती बाहेर आली तेव्हा एका अनोळखी बोळात उभी होती. समोर तटाची पडकी भिंत. मकबऱ्याचे मिनार रोज तिला घराच्या मागच्या अंगाला दिसायचे, ते आता समोर आणि भलतीकडेच सरकलेले दिसत होते. कचेरी कोणत्या बाजूला? ती उजवीकडे गेली, नदीपाशी पोचली. परत फिरली, डावीकडे गेली, तर बोळ बंद. त्या धावपळीत तिच्या ध्यानात आलं की ती घर सताड उघडं टाकून आली आहे. मग तिनं कचेरीचा नाद सोडला आणि घर शोधायला लागली. पण बाहेरून तिला एकही घर ओळखता येईना. आतून तिनं सगळी बघितली होती. शेळ्यांचं घर, तुळशीचं घर, खाटेवरच्या बाबांचं घर. गल्लीतून मात्र नुसत्या उंच दगडी भिंती, एकसारख्या.

चबुतऱ्यावर दोन माणसं बसली होती. तिनं विचारलं, "हाजराबीचं घर कोणतं?"

"कौन हाजराबी? किसका घर? नाम बोलो." बायकांची नावं त्यांना कुठून माहीत असणार! हाजराबीच्या नवऱ्याचं नाव मनकर्णाला ठाऊक नव्हतं.

"अच्छा, तुमच्या मालकाचं नाव सांगा," दुसरा माणूस मराठीत म्हणाला.

मनकर्णानं ओठ घट्ट मिटले. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी घेतलं नव्हतं, आणि आता भर गल्लीत, परक्या दोघांसमोर, ते तोंडातून निघेना. "कचेरीत असत्यात," ती म्हणाली. "केदारच्या वरच्या देवाचं नाव हाय." माणसं एकमेकांकडे बघू लागली. ती आणखी गोंधळली. लाजही वाटत होती, आणि उघड्या घराची काळजीही.

त्याच वेळी रिकामी टोपली घेऊन वच्छलाबाई त्या गल्लीतून आली. "अगं मनकर्णे, हिकडं कुठं? आन् या कुणाच्या चपला?"

दोघी घरी पोचल्या तेव्हा दार तसंच उघडं होतं. शेरवानीवाला बाहेर पायरीवर उन्हात बसला होता. गडी समोरच्या भिंतीच्या सावलीला बसून बिड्या ओढत होते. त्यांच्यापैकी कुणीही उंबरठा ओलांडलेला नव्हता. मनकर्णाला बघून तो उठला, घाम पुसला आणि वच्छलाबाईला म्हणाला, "बाई घर खुला छोड के चले गए. मैं कैसे जाता? कोई घुस जाता तो?"

वच्छलाबाईनं डोळे बारीक केले. "अजीजमियाँ? जब्बारमियाँचे भाचे?"

मग हळूहळू उलगडलं. जब्बारमियाँ घराचे मालक, हिमरूचं कापड विणणारे. ते हैदराबादेत आजारी होते, आणि कुलपाच्या खोलीत त्यांचा माग होता. तो उचलून न्यायला भाचा आला होता. खाली करायची होती ती खोली.

कुलूप गंजलं होतं, पहारीनं काढावं लागलं. आत कुणी मेलेलं नव्हतं. लाकडाचा एक मोठा सांगाडा, त्यावर धूळ, आणि अर्धवट विणलेला वीतभर कापडाचा तुकडा, जांभळा, त्यात पिवळी फुलं. अजीजमियाँनी तो कात्रीनं कापून खिशात ठेवला.

संध्याकाळी बद्रीनाथ आला तेव्हा माग बैलगाडीवर चढत होता. त्याला वाटलं चोरी होतेय. तो ओरडत धावला, एका गड्यानं त्याला शांतपणे बाजूला केलं, आणि मनकर्णानं आतून सांगितलं, "अहो, चोर नायत ते. राखण करत व्हते." बद्रीनाथला त्यातलं काहीच कळलं नाही. पण पाहुण्याला गूळपाणी द्यायला हवं एवढं त्याला कळलं.

ते निघाले तेव्हा मनकर्णानं धीर करून अजीजमियाँना विचारलं, "भिंतीत ही दारं कुणी पाडली? कवा?"

बद्रीनाथनं मोडक्यातोडक्या उर्दूत ते पुन्हा विचारलं. अजीजमियाँ हसले. "दरवाज़ा किसने तोड़ा? बाई, पहले तो दीवार ही नहीं थी. एक ही घर था. भाइयों में झगड़ा हुआ, तो दीवार बनी." गाडी हलली.

दुसऱ्या दिवशी हे तिनं हाजराबीला सांगितलं. हाजराबी म्हणाली, "उनो क्या जानते! उनो तो बच्चे थे." 

बद्रीनाथनं कड्या काढून टाकल्या.  मनकर्णाला वाटलं आता सगळं पहिल्यासारखं होईल. सकाळी डावं दार उघडलं. हाजराबी भगुणं घेऊन उंबऱ्यावरच थांबली.

"जाऊँ क्या?" तिनं विचारलं.

पहिल्यांदा ती आली होती तेव्हा तिनं विचारलं नव्हतं. मनकर्णाच्या मनाला ते विचारणं लागलं. हा मान होता की अंतर, तिला ठरवता येईना. "जा की," ती म्हणाली, "तुमचीच वाट हाय." हाजराबी गेली. मग पोरी आल्या, त्यांनीही विचारलं. म्हातारीही उंबऱ्याशी थांबली, मनकर्णानं जाऊन तिचा हात धरून तिला हौदापाशी बसवलं.

असं पुष्कळ दिवस चाललं. चपला तिनं धुऊन परत केल्या. त्यासाठी तिला चार अंगणांतून जावं लागलं, आणि तिनंही प्रत्येक उंबऱ्यावर विचारलं.

मग एकदा दुपारी मनकर्णा हौदाशी केस धूत होती. डोळ्यांत शिकेकाई गेली होती. हाजराबी चिंचेच्या भावावरून कुणाला तरी शिव्या देत आली, तिच्या अगदी जवळून गेली, "इत्ता महँगा, इत्ता महँगा" करत पलीकडच्या दारातून वाकली आणि गेली. मनकर्णा "व्हय, लईच" म्हणाली. डोक्यावर आणखी एक तांब्या ओतल्यावर तिच्या लक्षात आलं की आज हाजराबीनं विचारलंच नव्हतं. काल तरी विचारलं होतं का, ते तिला आठवेना.