बाबांचा बिल्ला

फळ्यावरची एक खुंटी रिकामी होती, म्हणून एवढं मोठं जहाज धक्क्याला खोळंबून राहिलं होतं.

नियम साधा होता. प्रत्येक पाहुण्याच्या नावाचा एक पितळी बिल्ला. गावात उतरताना तो फळ्यावरून काढायचा, परत आल्यावर आपापल्या खुंटीला अडकवायचा. एक जरी बिल्ला कमी असला तरी कप्तान जहाज सोडत नसे. त्या दुपारी सगळे परतले होते. गार रुमालांनी तोंडं पुसून झाली होती, सरबतं पिऊन झाली होती आणि बाबांचा बिल्ला जागेवर नव्हता.

कर्ण्यावरून त्यांचं नाव पुन्हा पुकारलं गेलं, तेव्हा मी उठायला लागले. बाबांनी माझं मनगट धरलं.

"बस खाली."

"अहो बाबा, तुम्हालाच शोधतायत सगळे."

"शोधू देत की. मी काय पळून गेलोय? रोज बसतो तिथेच बसलोय." त्यांनी दुसरी मूठ उघडली. आत बिल्ला होता. "गप्प बस आणि बघ. पोरगा आधी इथेच येईल."

सकाळी मी त्यांची चाकाची खुर्ची फळ्यावरून नेली, तेव्हा त्यांचा हात वर गेलेला मी पाहिला होता. पण बाबांना वस्तू उचलायची खोडच होती. चमचे, मीठदाण्या, कोणाचा तरी चष्मा. रोज त्यांचे खिसे रिकामे करून वस्तू जागच्या जागी पोचवणं हे माझ्या कामातच धरलेलं होतं. बिल्लाही त्यातलाच असेल म्हणून मी सोडून दिलं.

म्हातारा गरीब बिचारा होता असं मात्र कोणी समजू नये. कारखानदार माणूस, जन्मभर लोकांवर खेकसत आलेला. चहा कोमट लागला की कपबशी भिरकावायचा. माझं निम्मं आयुष्य इस्पितळाच्या पुरुषांच्या वॉर्डात गेलं आणि निवृत्तीनंतर मी घरोघरी आजारी माणसं सांभाळते, त्यामुळे भिरकावलेल्या कपांचं मला काही वाटत नाही. मी दुसरा कप आणते आणि तो थोडा जास्त कोमट आणते.

सफर साहेबांनी काढली होती. साहेब म्हणजे बाबांचा मुलगा. 'बाबांना जग दाखवायचंय' असं सगळ्या नातेवाइकांना सांगून ते, सूनबाई, बाबा आणि मी असे चौघे या नदीवर येऊन पडलो होतो. जहाज म्हणजे पाण्यावरचं लग्नाचं कार्यालय. जिकडे तिकडे गालिचे, हसऱ्या मुली आणि सतत काहीतरी खायला. बाहेर घाम काढणारी उष्ण, दमट गावं, माडांच्या रांगा, केळीच्या बागा, गंजलेल्या पत्र्यांचे बाजार. आत एवढा गारवा की बाबांना दुपारी मोजे घालावे लागत.

गावोगावी तोच तमाशा. धक्क्यावर ढोल, प्रत्येकाच्या गळ्यात हार, मग गवती हॅट घालून सगळी वरात बाजारात. परत येताना प्रत्येकाच्या हातात लाकडी पोपट. हे पोपट प्रत्येक गावात 'फक्त इथेच मिळतात' असं सांगून विकले जात आणि ही शिकलेली माणसं ते प्रत्येक गावात घेत. एक गृहस्थ तर रोज जेवणाआधी 'साध्या जीवनाचं सौंदर्य' या विषयावर बोलत आणि बोलून झालं की उशी टणक आहे म्हणून तक्रार करत. नदीकाठी कोणी बाई कपडे धुताना दिसली की सगळे कठड्याला लोंबकळून फोटो काढायचे. त्यांचे स्वतःचे कपडे मागच्या डेकवर धुतले जायचे. तिकडे कोणी फिरकलं नाही.

आम्ही दोघं मात्र तिकडेच असायचो. सफरीच्या सुरुवातीलाच एकदा जेवताना बाबांचा हात थरथरला आणि शेजारच्या बाईंच्या पांढऱ्या पोशाखावर सूप सांडलं. सूनबाई गोड हसून म्हणाल्या, "बाबांना गर्दी सोसत नाही." त्यानंतर बाबांची खुर्ची मागच्या डेकवर गेली, धुलाईच्या खोलीशेजारी. समोर दोरीवर टॉवेल वाळत घातलेले असत. त्यांच्या फटींतून आम्ही शहरं बघायचो. घरी माझी धाकटी बहीण असते. तिने फोनवर विचारलं, "काय काय बघितलंस गं?" मी म्हटलं, "टॉवेल."

मला बिल्ला दिलेलाच नव्हता. चढताना सूनबाईंनी सांगितलं होतं, "सिस्टरना कशाला? त्या बाबांना सोडून कुठे जाणार?"

तर आम्ही टॉवेलांमागे बसलो होतो. वर धावपळ चालली होती. दारं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज येत होते. पुढच्या डेकवर शोधलं असणार, जेवणघरात शोधलं असणार. मग साहेब शिडीवरून खाली उतरताना दिसले. गवती हॅट हातात, शर्ट पाठीला चिकटलेला. ते बाजाराच्या दिशेने धावत सुटले.

"तिकडे कुठे निघाला हा?" बाबा म्हणाले.

वॉर्डात मी हे आयुष्यभर बघितलं होतं. मिठाईचा पुडा घेऊन माणसं यायची आणि आपल्या वडिलांची खाट कुठली, ते मला विचारायची.

"उन्हात फिरवतोय स्वतःला. येईल. दमून आधी इथेच येईल," बाबा म्हणाले आणि खुर्चीत ताठ बसले. टोपी सारखी केली. मला म्हणाले, "माझी हनुवटी पूस."

हळूहळू टॉवेलांच्या सावल्या आमच्या पायांवर आल्या. साहेब बाजारातल्या लोकांना मोबाइलवर बाबांचा फोटो दाखवत फिरत होते, हे मला वाटाड्याने नंतर सांगितलं. हसू आवरत नव्हतं त्याला. फोटो साहेबांच्या लग्नातला होता. त्यात बाबांचे केस काळेभोर होते आणि ते स्वतःच्या पायांवर उभे होते. दुसरा फोटोच नव्हता म्हणे मोबाइलमध्ये. लाकडी पोपटांचे मात्र ढीगभर होते.

शेवटी धोबी टॉवेल काढायला आला. एक टॉवेल ओढला आणि समोर आम्ही.

"आजोबा, तुमचंच नाव पुकारतायत की काय मघापासून?" तो म्हणाला. "मला वाटलं, कोणी बाजारात हरवलंय. थांबा, सांगून येतो."

साहेब आले तेव्हा धोबी पुढे होता आणि साहेब मागे. त्यांना वाट माहीत नव्हती. दोरीखालून वाकून यायचं असतं हेही माहीत नव्हतं, म्हणून उरलेला टॉवेल तोंडावर बसला. बाबा हे सगळं बघत होते.

"बाबा, हे काय चालवलंय तुम्ही? सगळ्या लोकांचा खोळंबा झालाय."

बाबांनी बिल्ला पुढे केला. "कुठे कुठे शोधलंस?"

"कुठे म्हणजे? अख्खा बाजार पालथा घातला मी."

"बरं," बाबा म्हणाले.

एवढंच. चहा कोमट लागला तर जहाज डोक्यावर घेणारा माणूस. मला वाटलं, आता ओरडेल, मुलाला चार शिव्या हासडेल. ते नदीकडे तोंड करून बसले. मला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि साहेबांचा एवढा राग आला की मी हातातला पेला खाली ठेवला.

साहेबांच्या मागोमाग आलेल्या सूनबाई माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, तुम्हाला कर्णा ऐकू येत नव्हता?"

"येत होता."

"मग?"

"बाबा बस म्हणाले. बसले."

"तुम्ही उद्या सकाळी परत जा. पुढच्या धक्क्यावर गाडी येईल तुमच्यासाठी."

"आणि बाबांचं?"

"जहाजावरची एखादी मुलगी बघेल. इथले लोक फार हसतमुख आहेत."

मी मान डोलावली. हसतमुख मुलीला बाबा काय करतील याची मला कल्पना होती.

सकाळचा थांबा फक्त भाजीपाला आणि बर्फ चढवण्यापुरता होता. पाहुण्यांपैकी कोणी उतरणार नव्हतं. मी बाबांची दाढी केली, नखं कापली, मोजे घातले.

"सुटलीस," ते म्हणाले.

"हो."

"गावात काय बघणार?"

"बघीन काहीतरी. टॉवेल सोडून."

ते हसले. कालपासून पहिल्यांदा. मग म्हणाले, "फळ्यावरून घे मला."

मी खुर्ची फळ्याजवळून नेली. आणि खरं सांगायचं तर, फळ्यापाशी मी मुद्दाम समोर बघत राहिले. मागच्या डेकवर पोचल्यावर ते म्हणाले, "तुझी पिशवी दे माझ्या मांडीवर. चाकं नीट अडकव आधी." मी वाकून चाकं अडकवली, पिशवी घेतली आणि नमस्कार केला. त्यांनी हातानेच 'नीघ' असं खुणावलं.

शिडीपाशी पोऱ्याने माझा बिल्ला विचारला. मी म्हटलं, मला दिलेलाच नाही. "मग काही अडचण नाही," तो म्हणाला.

धक्क्यावर उतरले. सबंध सफरीत मी पहिल्यांदाच जमिनीवर पाय ठेवत होते. गाडी आली नव्हती. दोर बांधायच्या खुंटाशेजारी सावलीत बॅगेवर बसले. बर्फ चढला, भाजी चढली, भोंगा वाजला आणि जहाज हललं नाही. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून पिशवीत हात घातला, तर बोटांना पितळ लागलं.

कर्ण्यावरून बाबांचं नाव आलं.

मी वर बघितलं. सकाळ असल्यामुळे दोरीवर टॉवेल नव्हते आणि मागचा डेक उघडा दिसत होता. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, टोपी सारखी केलेली. नाव दुसऱ्यांदा पुकारायच्या आत साहेब तिथे पोचले. थेट. धोब्याशिवाय. दोरीखालून बरोबर वाकून.

त्यांनी काहीतरी विचारलं. बाबांनी खांदे उडवले. मग साहेब चक्क गुडघे टेकून बाबांसमोर बसले आणि एकेक खिसा तपासायला लागले. एक चमचा निघाला. एक मीठदाणी निघाली. बाबांनी दोन्ही हात थोडे वर धरले होते, अंगात सदरा घालताना लहान मूल धरतं तसे, आणि मुलाच्या डोक्याकडे बघत होते. मुलाला टक्कल पडायला लागलं होतं. ते त्यांनी एवढ्या जवळून कधी पाहिलं असेल, कोण जाणे.

गाडी आली. ड्रायव्हरने माझ्यासाठी दार उघडलं. मी त्याला थांबायला सांगितलं. बिल्ला परत द्यायचाच होता. मी उठले, पण सावकाश उठले.