अर्धवट ब्रशांचा ढीग

आमच्याकडे बाटल्या धुवायचे ब्रश होतात. कारखाना म्हणायचं ते कौतुकाने. एक लांब खोली, तारेला पीळ देणारी दोन यंत्रं आणि खिडकीखाली माझं टेबल. तिथे बसून मी उभा जन्म तयार ब्रश तळहातावर फिरवून तपासले. केस कुठे विरळ पडलेत ते डोळ्यांआधी हाताला कळतं.

हे अचानक गेले. घरातली माणसांची वर्दळ ओसरली, तशी भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, यंत्रं विकत घेणारा माणूस शोधला. भाऊजी मनाने वाईट नव्हते. वहिनीने या वयात तारेशी झटापट करू नये, असं त्यांना खरंच वाटायचं.

“फार जीव असेल तर दोन ब्रश घरी न्या, वहिनी,” ते म्हणाले. “मोरी घासायला होतील.”

मी हसले. कारखाना आता माझ्या नावावर होता, पण तो ठेवायचा की मोडायचा हे मला विचारावं, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तो चालावा असं माझ्या पोटात होतं. ओठांवर येत नव्हतं.

अशात वर्षाचे हिशेब घेऊन आमची अकाउंटंट आली. माझ्या लेकीच्या वयाची, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारी. यांच्या वेळी हिशेबाचं हे एवढं बाड यायचं. मोठ्या कंपन्यांना जे नियम तेच आम्हाला. बाळाला बापाचा कोट. हे बिचारे पेन्सिलीची खूण दिसेल तिथे सही करायचे. त्या वर्षी मात्र छोट्या धंद्यांसाठी वेगळे, सुटसुटीत नियम लागू झाले होते. तिने पातळशी फाइल माझ्यापुढे ठेवली.

“वाचा काकू, कळेल तुम्हाला.”

आणि कळलं की. आपलं काय, लोकांचं देणं काय, वर्षभरात काय झालं. इतकी वर्षं मी त्या खोलीत होते, पण खोलीचा हिशेब पहिल्यांदा माझ्याशी माझ्या भाषेत बोलला.

“आता एक गोष्ट तुम्ही सांगायची,” ती म्हणाली. “पुढचं निदान वर्षभर कारखाना चालणार आहे ना? त्यावर हिशेब कसा मांडायचा ते ठरतं.”

“बंद होतोय,” भाऊजी म्हणाले. “तसं लिही.”

“काका, हे मालकाने सांगायचं असतं. मालक काकू आहेत.”

“अगं, नियम सोपे केलेत ना? मग एवढं गाळ की.”

“पुष्कळ गाळलंय. हे नाही गाळता येत.”

मग तिने माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. हे गेले त्या दिवशी पीळ दिलेले, पण अजून केस न कातरलेले ब्रश तिथे ढिगाने पडले होते, पिसं फुगवलेल्या कोंबड्यांसारखे.

“काकू, कारखाना चालणार असेल तर हा माल आहे. बंद होणार असेल तर भंगार. ढीग तोच. काय लिहू?”

यांच्या हातचा तो शेवटचा ढीग. त्याला भंगार म्हणायला माझी जीभ रेटेना.

“माल लिही,” मी म्हणाले.

“नुसत्या इच्छेवर नाही लिहिता येत. कशाच्या जोरावर?”

ते मला येत होतं. डेअरीवाला परवाच विचारून गेला होता, ब्रश कधी देता. औषधाच्या बाटल्या भरणारे दोघं जुनी गिऱ्हाइकं होती, कधी न तुटलेली. “आणि बाटल्या काय,” मी म्हणाले, “उद्याही घाण होणारच.”

आमची यंत्रं चालवणाऱ्या मिस्तरींचं तेल घालणं मघापासून संपतच नव्हतं. ते तिथूनच म्हणाले, “यंत्रं धडधाकट आहेत, वहिनी. माझ्यापेक्षा तरी.”

भाऊजींनी सुस्कारा सोडला. “आणि नाही जमलं तर?”

“तर पुढच्या वर्षी ती परत विचारेलच की.”

त्यांनी ढिगावरून एकदा हात फिरवला. मग बाहेर जाऊन त्यांनी यंत्रवाल्याला फोनवर नाही म्हणून कळवलं, आत आले, बाह्या वर केल्या आणि एक फुगलेला ब्रश उचलून मला म्हणाले, “कातरायचा कसा, ते तरी दाखवा.” त्यांनी कातरलेला पहिला ब्रश खरंच मोरीच्या लायकीचा झाला. बाकीचा ढीग भाऊजी, मिस्तरी आणि मी, आम्ही तिघांनी मिळून डेअरीत पोचता केला.

आता कारखाना सून बघते. अकाउंटंटचे केस पिकलेत, चष्मा अजून कपाळावरच असतो. दर वर्षी ती तोच प्रश्न सुनेला विचारते, पण आधी एकदा माझ्याकडे बघते. मी तळहातावरचा ब्रश फिरवत राहते. ज्या कुणी ते नियम लहान करताना एवढा एक प्रश्न तेवढा गाळला नाही, त्यांना मी ओळखत नाही. त्यांचं भलं होवो.