नवलच्या ट्रॅक्टरचे सुटे भाग

अख्खा ट्रॅक्टर कोणी घेईना, तेव्हा अभिमन आबांनी तो खोलून सुट्या भागांत विकायचं ठरवलं.

गिऱ्हाइकं आली नव्हती असं नाही. शिंदखेड्याहून आली, दोंडाईच्याहून आली, एक जण तर अमळनेरहून जीप करून आला. टायर दाबून बघायचे, इंजिन चालू करून कान द्यायचे, समाधानाने मान हलवायचे. मग ‘चहा घेऊन येतो’ म्हणून पाराकडे जायचे आणि तिकडूनच निघून जायचे. पारावर कुणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं, की याच ट्रॅक्टरखाली आबांचा मुलगा नवल गेला.

त्यात खोटं काहीच नव्हतं. शेजारच्या शिवारात कापसाने भरलेली ट्रॉली लवणातल्या चिखलात रुतली होती आणि नवल ती ओढून काढायला गेला होता. साखळी जास्त वर बांधली गेली होती. जोर दिल्याबरोबर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली, घोडा उधळून उभा राहावा तसा तो उभा राहिला आणि मागच्या मागे उलटला. जेसीबी येईपर्यंत सगळं संपलं होतं. ट्रॅक्टर सरळ केला, तर सेल्फ मारल्याबरोबर चालू झाला. लोकांना त्याचंच जास्त भय वाटलं. शिंदखेड्याचा हनीफ मिस्त्री नवलचा दोस्त. त्यानेच तो हळूहळू चालवत आणून आबांच्या अंगणात लावला, किल्ली आबांच्या हातात दिली आणि खाली बसून हमसून हमसून रडला.

नवलचं दिवसकार्य झाल्यावर सून दिपमाला लहानग्या कामिनीला घेऊन भावाकडे भुसावळला गेली. जाताना महिनाभरासाठी म्हणून गेली होती. महिन्याचे सहा झाले, मग वर्ष झालं. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करायची, कामिनी तोंड फोनला लावून बोबडं काहीतरी बोलायची आणि यशोदाबाई प्रत्येक वेळी विचारायच्या, “कवय येशी वं माय?” दिपमाला हसून विषय बदलायची.

अशाच एका रविवारी फोन अंगणात घेतला होता. बोलता बोलता यशोदाबाईंचा हात कलला आणि पाठीमागे उभा असलेला ट्रॅक्टर फोनमध्ये आला. दिपमाला म्हणाली, “माय, ते जोवर अंगणात आहे, तोवर मी त्या घरात पाय ठेवायची नाही.” आणि फोन बंद झाला.

आबांना एकदम मोकळं वाटलं. इतके दिवस सून का येत नाही हेच त्यांना उमगत नव्हतं. आता कारण कळलं होतं, आणि ते कारण अंगणातून हलवता येण्यासारखं होतं.

पण यशोदाबाई रोज सकाळी ओल्या फडक्याने तो ट्रॅक्टर पुसत. बोनेट, दिवे, स्टेअरिंग, सगळं. नवल असताना तो पुसायचा, आता त्या पुसत होत्या. विकायची गोष्ट काढली तशा त्या चवताळून उठल्या.

“नवलनी वस्तू शे ती! इकाले निंघनात तुम्ही?”

“आन् कामिनी?” आबा म्हणाले. “ती येवाले पाहिजे का नही आपला घर?”

चुलीपुढे जाऊन यशोदाबाई कितीतरी वेळ विझलेल्या राखेत फुंकणी घालून बसून राहिल्या.

हनीफने आधी नाहीच म्हटलं. “मन्हाकडथून हाई काम व्हवाव नही, आबा. दुसरा मिस्त्री देखा.”

“दुसराना हात नको लागाले,” आबा म्हणाले. “तुन्हाशिवाय कोनले सांगू?”

हनीफ आला. त्याने फोटो काढून चार-दोन ग्रुपांवर टाकले, ओळखीपाळखीच्यांना फोन केले, आणि गिऱ्हाइक ठरेल तसा एकेक भाग खोलायला घेतला. पहिल्या दिवशी बोनेट निघालं, रेडिएटर निघाला. आबा बाजेवर बसून बघत होते. बोल्ट गंजून घट्ट बसले होते. पान्ह्यावर जोर पडला की ट्रॅक्टर कण्हल्यासारखा आवाज करी आणि आत घरात यशोदाबाईंच्या हातातलं भांडं थांबे.

गिअरबॉक्ससाठी साक्रीकडून झुलाल नावाचा शेतकरी आला. डोंगराकडचं कोरडवाहू रान, दणकट हातापायाचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्याकडे याच बनावटीचा जुना ट्रॅक्टर होता, गिअर तुटून दारात पडलेला. त्याने सगळं निरखून पाहिलं, वाकलेला मडगार्ड पाहिला आणि विचारलं, “गाडी पलटी व्हयेल शे का, आबा?”

हनीफने मान खाली घातली. माल सुटा केला तर कोणी विचारणार नाही, या हिशेबानेच तर हा उद्योग चालला होता. पण आबांच्या तोंडून खोटं निघेना.

“व्हयेल शे,” ते म्हणाले. “मन्हा आंडोर खाल दबाई गया.”

झुलाल दोन पावलं मागे सरला. आबांना वाटलं, हाही आता पाराकडे जाईल. पण त्याने डोक्यावरची टोपी काढली, गिअरबॉक्सला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाला, “मन्हा घर नीट चालाडसू, आबा. काळजी नका करा.” टेम्पोत चढवताना त्याने खाली पोतं अंथरलं. तो गेल्यावर आबा गोठ्यात गेले आणि बैलाच्या पाठीवर डोकं टेकून उभे राहिले. परका माणूस बरं बोलला, आणि इतके दिवस आवरून धरलेलं सगळं त्या बोलण्याने सुटलं.

सगळेच तसे नव्हते. सीट बघायला धुळ्याचा एक जण आला, सोबत एक दोस्त घेऊन. गिअरबॉक्स गेलेला, मागची चाकं काढलेली, ट्रॅक्टरचं धड लाकडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवलेलं. त्यावर चढून तो सीटवर बसला, स्टेअरिंग गरगर फिरवलं आणि दोस्ताला म्हणाला, “काढ फोटो, चाललो मुंबईला!” दोघे खिदळले.

यशोदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. आवाज चढवला नाही.

“उठ तठून.”

“काय झालं, मावशी?”

“उठ.”

तो उतरला. सीट त्या दिवशी विकली गेली नाही. यशोदाबाईंनी हनीफकडून ती सोडवून घेतली आणि घरात नेऊन ठेवली.

त्याच संध्याकाळी भाकरी खाताना यशोदाबाईंनी विचारलं, “त्यान्हा आंगवर कोनता भाग पडना व्हता?”

आबांचा घास हातात राहिला. डाव्या बाजूचा मडगार्ड. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो मडगार्ड त्याच सकाळी एक जण घेऊन गेला होता, ठोकून सरळ करून घेईन म्हणाला होता. कुठल्याशा गावात आता तो रंगून निघेल आणि शेतावर जाताना कुणाचं तरी पोर त्याच्यावर बसून जाईल.

“माले काय माहीत,” ते म्हणाले.

यशोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

मग स्टेअरिंग गेलं, पुढचा एक्सल गेला, टायर गेले. लिफ्ट जामनेरकडच्या एका बागायतदाराने नेली. इंजिन नेणाऱ्याने ते अंगणातच तारा जोडून चालू करून पाहिलं. ना चाक, ना बोनेट, नुसतं इंजिन जमिनीवर धडधडत होतं. आबा उठून गावाबाहेर चालत गेले. बरंच लांब जाऊनही त्यांना तो आवाज ऐकू येत राहिला. खरं म्हणजे तेव्हा तो केव्हाच बंद झाला होता.

राहिलेला सांगाडा भंगारवाल्याने उचलला. त्याची गाडी निघणार तेवढ्यात यशोदाबाई आतून सीट घेऊन आल्या.

“हाई बी लई जा,” त्या म्हणाल्या. “कामिनीले दिसाले नको.”

आबांना त्या क्षणी बायकोच्या पाया पडावंसं वाटलं. तिने आपल्या हाताने शेवटचं होतं ते देऊन टाकलं होतं, का तर नात येणार म्हणून.

दुसऱ्या दिवशी आबा शिंदखेड्याहून भुसावळच्या गाडीत बसले. पिशवीत भाकरीसाठी कळण्याचं पीठ होतं, शेंगा होत्या, कामिनीसाठी फ्रॉक होता. यशोदाबाईंनी तो अंदाजानेच घेतला होता. फोनमध्ये पोरगी किती उंच झाली ते कळत नाही. हनीफने मोकळ्या अंगणाचा फोटो आबांच्या फोनमध्ये काढून दिला होता, आणि तो कसा उघडायचा हेही दोनदा शिकवलं होतं. वाटेत आबांनी तो पुन्हा पुन्हा उघडून पाहिला.

दिपमालाचा भाऊ वना रेल्वेत होता, क्वार्टरमध्ये राहायचा. दार त्यानेच उघडलं. “या आबा,” म्हणाला, पण चेहरा उतरल्यासारखा झाला. कामिनी आईच्या मागे लपली. फ्रॉक तिला तोकडा होता. दिपमालाने तो तिच्या अंगाला लावून पाहिला, घडी केली आणि तिला शेजारी खेळायला पाठवून दिलं.

आबांनी फोन पुढे केला. “देख बेटा. गयं बठ्ठं. एक नट बी ठेवा नही. तेलना डाग तेवढा शेतस, तुन्ही माय सारी टाकी.”

दिपमालाने फोटो पाहिला. बघतच राहिली.

“आबा, कशाला विकला तुम्ही?”

“तू बोलनी व्हतीस ना?”

तिने फोन खाली ठेवला. वना उठून खिडकीपाशी गेला. बाहेर कुठेतरी मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते.

“मला काहीतरी सांगायला हवं होतं, आबा,” ती म्हणाली. “माय दर रविवारी विचारायच्या, कधी येशील. मी येणार नाही, हे कसं सांगू त्यांना? त्यांच्या तोंडाकडे बघून सांगवेना. त्या दिवशी समोर ट्रॅक्टर दिसला, म्हणून ट्रॅक्टरचं नाव घेतलं.”

आबांना आधी नीट कळलंच नाही. त्यांनी वनाकडे पाहिलं.

“तिचं जमवलंय आम्ही,” वना खिडकीकडे बघतच बोलला. “रेल्वेतलेच आहेत. बायको वारलेली. माणूस चांगला आहे. कामिनीला स्वतःचं नाव लावायला तयार आहे. तुमच्याकडे येऊन सांगणारच होतो.”

“चांगलं शे,” आबा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “सुट्टीमा तरी येत जाई ना ती? पोरगी?”

दिपमालाने भावाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “तिकडचे काय म्हणतात ते बघावं लागेल, आबा.” आणि पदर तोंडाला लावून ती रडू लागली.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. राग यावा असं त्यांना फार वाटत होतं. राग आला असता तर उठून जाता आलं असतं. पण राग धरावा असं तिने काही केलंच नव्हतं. भर तारुण्यातली बाई, तिने आपल्या दोन म्हाताऱ्यांजवळ येऊन काय करायचं होतं? हे त्यांना आधीच दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण त्यांना ते बघायचंच नव्हतं.

जेवायला ते थांबले नाहीत. निघताना कामिनी शेजारच्या ओट्यावर खेळत होती. वना म्हणाला, “आबांना टाटा कर.” तिने हात हलवला आणि पुन्हा खेळायला लागली.

ते घरी पोचले तेव्हा यशोदाबाई अंगण सारवत होत्या. तेलाने काळ्या पडलेल्या जागेवर शेण धरत नव्हतं. त्या तीच जागा पुन्हा पुन्हा सारवत होत्या. आबांना एकटं येताना पाहून त्या उठल्या.

“कवय ई ती?”

“येवाव नही,” आबा म्हणाले, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लग्नाचं, नव्या नावाचं, सुट्टीचं. ट्रॅक्टर नुसता बोलण्यापुरता होता, तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. पण यशोदाबाईंनी शेणाचे हात तसेच धरून विचारलं, “मंग ट्रॅक्टर कसाले इका आपण?”

आबांनी जोडे काढले, पाय धुतले. त्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. आबा आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

भुसावळला वैशाखात लग्न झालं. वनाने नंतर फोन करून कळवलं. रविवारचे फोन आधी आखूड झाले, मग एक रविवार आड येऊ लागले, आणि पुढे आलेच नाहीत. यशोदाबाई अंगणात बसायच्या बंद झाल्या. धान्य निवडायचं असो की भाजी, त्या मागच्या परसात जाऊन बसत. दोघं जेवत समोरासमोर, पण बोलणं लागत नसे.

एकदा हनीफ आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, “आबा, काही परत आनाले जमी. झुलालभाऊ तं मानूस शे, पैसा बी लेवाव नही. स्टेअरिंग कोनाकडे शे माले माहीत शे. आनू का?”

“आनीसन काय करशी?” आबांनी विचारलं.

यशोदाबाईंनी चहा आणून ठेवला, तो हनीफने पिऊन घेतला आणि मोटरसायकल चालू करून गेला. आबा बाजेवरच बसून राहिले. दिवेलागणीला यशोदाबाईंनी आतून जेवायला हाक मारली. आबांनी ओ दिली नाही, आणि त्यांनीही पुन्हा हाक मारली नाही.