उंटाला तहान लागते का

आमचा उंट वीतभर उंचीचा. टॅबलेट समोर धरला की पडद्यावर समोरचीच खोली दिसते, तीच खुर्ची, तीच चादर, आणि चादरीच्या सुरकुत्या ओलांडत उंट चालत येतो. डायलिसिससाठी तासन्‌तास बसून राहणाऱ्या मुलांसाठी आम्ही हे ॲप करत होतो. या मुलांना पाणीसुद्धा मोजून मिळतं.

पहिल्या आराखड्यात उंट तळ्याकाठी येऊन गटागटा पाणी प्यायचा. तरंग फार सुंदर जमले होते. मी कौतुकाने टॅबलेट घरी नेला. बाबांनी तो जेवणाच्या टेबलासमोर धरला, तळं पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"अगं, तहानलेल्या पोरांपुढे हा पाणी पितोय? स्वतःचं लहानपण विकून खाल्लंस की काय?"

लहानपणी मलाही मूत्रपिंडाचा विकार होता. अंग सुजायचं, सकाळी डोळे उघडायचे नाहीत, आणि पाणी मिळायचं ते औषधाच्या पेल्याने. त्या सगळ्या वर्षांत बाबा माझ्यासमोर कधी पाणी प्याले नाहीत. घास अडकला तरी उठून मागच्या गॅलरीत जायचे. परत यायचे तेव्हा मिशा ओल्या असायच्या.

"बाबा, तुम्हाला तहान नाही लागत?"

"छे! मला कशाला लागतेय?" असं म्हणून ते माझ्या पायथ्याशी बसत आणि पुस्तक उघडत. वाचताना त्यांचा एक हात माझ्या सुजलेल्या पावलावर असे. पान उलटण्यापुरता तेवढा उचलत. अजूनही पुस्तकाचं पान उलटताना मला पाऊल गार पडल्यासारखं वाटतं.

तळं काढून टाकलं. उंटाला आवाज बाबांनीच दिला; मुलं विचारतील अशा प्रश्नांची उत्तरं त्यांनी बोलायची होती. आमचा प्रोग्रामर, त्याला सगळे चष्मिस म्हणतात, माइक घेऊन घरी आला.

"काका, जरा उंटासारखं बोला ना."

"तू ऐकलायस कधी उंट बोलताना? नाही ना? मग मी बोलेन तोच उंट."

दुपारभर दोघं खिदळत होते. मी आतून दोनदा ओरडले की हसणंही रेकॉर्ड होतंय.

त्यानंतर काही महिन्यांनी बाबा गेले. घर गप्प झालं. कामावर मात्र उंट बोलत होता. मी हेडफोन लावून तीच ती वाक्यं तपासत बसायचे. तपासण्यासारखं त्यांत काही उरलं नव्हतं.

मग रुग्णालयात चाचणी सुरू झाली. तिथल्या एका मुलीला नर्स राणीसरकार म्हणायच्या, कारण ती सगळ्यांवर हुकूम सोडायची. तिने उंटाला स्वतःच्या गुडघ्यावर उभं केलं आणि विचारलं, "ए, तुला तहान लागते का?"

उंट रवंथ करत राहिला. हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

"बहिरा दिसतोय," राणीसरकार म्हणाली आणि टॅबलेट बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी चष्मिस माझ्या टेबलापाशी आला. "ताई, रागावू नका. काकांचं रेकॉर्डिंग भरपूर आहे. त्यावरून त्यांच्या आवाजात हवं ते वाक्य बनवता येतं. एक करून आणलंय."

मी हेडफोन लावला. 'नाही गं राणी, मला नाही लागत तहान.' बाबाच होते. बोलण्याआधीचा श्वाससुद्धा त्यांचाच. मी पुन्हा लाव म्हटलं. मग आणखी एकदा. हा आवाज काहीही म्हणू शकला असता. मला हाक मारू शकला असता.

"कुणाला कळणारसुद्धा नाही," चष्मिस हळूच म्हणाला.

तीच तर अडचण होती. बाबांचं ते खोटं मला कधी खरं वाटलंच नव्हतं, कारण समोर ओल्या मिशा दिसत होत्या. या आवाजाला मिशा नव्हत्या. राणीसरकारला तो खरा वाटला असता, आणि जगात तहान एकट्या तिलाच लागते, असंही वाटलं असतं.

"पुसून टाक," मी म्हटलं.

"ताई, नक्की? ठेवू तर द्या. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठीच पुस."

त्याने माझ्यादेखत ते पुसलं. मग चष्मा काढून शर्टाला उगाचच पुसत बसला. "बरं. पण मग उंटाने करायचं काय?"

"उत्तर नसेल तेव्हा त्याने मान वळवायची. शेजारी जो बसला असेल त्याच्याकडे बघायचं."

पुढच्या खेपेला राणीसरकारने आल्याआल्या तोच प्रश्न विचारला. उंटाने रवंथ थांबवला, लांब मान सावकाश वळवली आणि स्टुलावर फोन बघत बसलेल्या तिच्या आईकडे पाहिलं.

"आई, तो तुझ्याकडे बघतोय. तू सांग."

"मी? मला काय माहीत उंटाचं?"

"मग तुझं सांग."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि स्टूल ओढून खुर्चीला चिकटवलं.

"लागते गं," ती म्हणाली. "इथे बसलं की जास्तच लागते."

राणीसरकारने टॅबलेट दोघींना दिसेल असा तिरका धरला.