भरल्या पोटी परत आलेला डबा

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना स्टीलचा डबा आहे. बुडाला पोचा, कडीला गुंडाळलेली तार, आणि घासून घासून चकाकी केव्हाच उडालेली. पण माझ्या झाकणातून आजही थेंब गळत नाही. तेवढा अभिमान मला बाळगू द्या.

येचॉन गावच्या बाजारात मला ओकबुनबाईंनी विकत घेतलं. त्या तिळाच्या घाण्यावर कामाला होत्या. नवरा अकाली गेलेला, पदरात एकुलती एक लेक दासोल. पण बाईंचा हात असा सढळ, की घरात दोन माणसं आणि सूप मात्र दहा जणांचं. गल्लीत कुणी बाळंत झालं, कुणाच्या पोराला ताप आला, की मी निघालोच. लोक मला रिकामा परत करत नसत. कुणी चार अंडी घालत, कुणी मूठभर खजूर. मी अगदी लाडावलो होतो.

गोमांस आणायलाही बाई मलाच नेत. ग्वाक खाटकाच्या दुकानात शेजारच्या जोमरेवहिनी हटकून भेटायच्या, आणि मग दोघींच्या गप्पांना ऊत यायचा.

"अगं ओकबुन, तो तुकडा बघ कसा लालभडक आहे! तोच घे की."

"सकाळपासून वाऱ्यावर पडलाय म्हणून लाल दिसतोय, वहिनी. ताजं कापलेलं काळपटच असतं. ग्वाकदादा, आतलं काढा. सूपासाठी छातीचं. आणि चरबी पांढरी हवी हं, पिवळी चालायची नाही."

"ताई, गाय तुम्हीच वाढवली होती वाटतं!" ग्वाकदादा हसायचे. "आणि तुमच्यासाठी काय?"

"मला कातरण बांधा, उरलेसुरले तुकडे. अभ्यास लेकीला करायचाय, मला कुठे?"

"आया सगळ्या मेल्या अशाच," जोमरेवहिनी म्हणायच्या. "माझी आई जन्मभर सांगायची, मला मांस पचत नाही. मामा सांगतो, लहानपणी भावंडांची ताटं चाटायची!"

तिघंही हसायची. मलाही तेव्हा ते हसण्यासारखंच वाटायचं.

दासोल मोठी झाली आणि सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी राजधानीला, सोलला गेली. हात पसरले की दोन्ही भिंती लागाव्यात एवढीशी तिची खोली. दोनदा तिचा नंबर थोडक्यात हुकला. तिसऱ्या वर्षी परीक्षा आली शनिवारी आणि वाढदिवस रविवारी.

आता वाढदिवसाला मियोकचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं, छातीचं मांस घातलेलं सूप हवंच. बाळंतिणीला हेच देतात. वाढदिवस लेकराचा असला, तरी कळा आईने सोसलेल्या असतात ना! पण मियोक पडलं बुळबुळीत. परीक्षेच्या वेळी ते खाल्लं की माणूस घसरतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बाईंनाही ते ठाऊक होतं. पण रविवारी पार्सल मिळायचं नाही, म्हणून त्यांनी मला शुक्रवारीच बसमध्ये चढवलं. सूप रविवारी खायचं, हे फोनवर सांगू म्हणाल्या. घाण्यावरून सुटायला उशीर झाला, आणि लेकीचाच फोन आधी आला.

तिने माझं झाकण उघडलं होतं. "आई, अक्कल गहाण टाकलीस का? उद्या माझी परीक्षा आणि तू मियोक पाठवतेस?"

"अगं बाळा, ते रविवारचं..."

"मी तिसऱ्यांदा नापास व्हावं असंच वाटतंय ना तुला?"

फोन बंद झाला. तिने मला घट्ट बांधलं आणि त्याच संध्याकाळच्या बसने परत धाडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जसा भरलेला गेलो तसाच परत आलो. बाईंनी मला उघडून सूप पातेल्यात ओतलं. तीन दिवस त्या एकट्या ते सूप गरम करून खात राहिल्या आणि वहिनींना सांगत राहिल्या, "पोरीने डबा पुसून खाल्ला हो!"

निकाल लागला. दासोल नापास झाली. "तुझ्या सूपाने घसरले," ती फोनवर म्हणाली. मित्रांनो, तिने थेंबसुद्धा चाखला नव्हता! मी ओरडून सांगितलं असतं, पण डब्याला कुठे जीभ असते? आणि बाईंनी ते खरं मानलं.

त्यानंतर ग्वाकदादांनी छातीचं मांस काढलं, की त्या मान हलवायच्या. "नको दादा. माझ्या हाताला यश नाही." मी फळीवर पडून राहिलो. लेकीने आपणहून काही मागितलं नाही, आईने भीतीने काही पाठवलं नाही. पुढच्या वर्षी दासोल पास झाली, तेव्हा बाईंना वाटलं, बरं झालं आपण लांब राहिलो. त्याच थंडीत ताप छातीत उतरला आणि बाई गेल्या.

वर्षश्राद्धाला दासोल मला घेऊन दुकानात आली. तिने सगळ्यात लाल तुकड्याकडे बोट केलं. ग्वाकदादांनी तो बाजूला सारला आणि आतला काळपट तुकडा कापून माझ्यात घातला.

"तुझी आई हे न्यायची. तुझ्यासाठी."

"आणि स्वतःसाठी?"

"कातरण." मग कौतुकाने म्हणाले, "त्या वाढदिवसाचं सूप तू पुसून खाल्लंस ना? महिनाभर सांगत होती सगळ्यांना."

दासोलने मला छातीशी धरलं.

संध्याकाळी तिने फोटोसमोर सूप वाढलं, भातात चमचा रोवला आणि रीतीप्रमाणे बाहेर जाऊन दार ओढलं. गेलेल्या माणसाने निवांत जेवावं म्हणून नऊ घासांपुरतं बाहेर थांबतात. तिने नऊच नाही, शंभरेक घास मोजले असतील. मग खाकरून ती आत आली.

वाडगं काठोकाठ भरलेलं होतं. वर चरबीचा पांढरा थर गोठला होता.

"आई, एक घास तरी," ती म्हणाली. "एकच घे ना गं."

मित्रांनो, मी स्टीलचा आहे, पण त्या क्षणी मला माझं रिकामेपण सोसवेना. तुमच्या आईने डबा पाठवला आणि तुम्हाला भूक नसली, रागच आला असला, तरी झाकण उघडून चार घास खा. आईला परत काहीच नको असतं. तिला फक्त रिकामा डबा हवा असतो.