निघण्याआधीच परतीचा फ्लेक्स

मी फ्लेक्स बोलतोय. नागपुरातल्या जरीपटका भागात, चौकातल्या दोन खांबांमध्ये टांगलेला मला अनेकांनी पाहिलं असेल. मला जीभ नाही असं समजून माणसं माझ्यावर वाटेल ते छापतात. आज मी गप्प बसणार नाही. जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आमच्या वस्तीतली रितिका अंतराळ स्थानकावर जाणार, अशी बातमी पेपरात आली. त्याच दिवसापासून पियुषभाऊंना ती पोटच्या पोरीसारखी वाटू लागली. भाऊंना येत्या निवडणुकीत उभं राहायचं होतं. ती शाळेत जायची तेव्हा त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

उड्डाण जवळ आलं होतं, पण भाऊंचा वाढदिवस त्याच्याही आधी होता. मग एकाच फ्लेक्समध्ये दोन्ही कामं उरकायचं ठरलं. माझ्या मधोमध काळा चष्मा लावून हात जोडलेले भाऊ. खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांची रांग. रितिका कुठे? उजव्या कोपऱ्यात. तिचा फोटो कुणी मागितलासुद्धा नाही. दुसऱ्याच कुठल्या देशाच्या अंतराळवीराच्या पोशाखावर पेपरातलं तिचं तोंड चिकटवलं, बाहीवर परका झेंडा तसाच ठेवला. आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'अंतराळ स्थानकावरून सुखरूप परतल्याबद्दल रितिकाचे हार्दिक अभिनंदन'.

पोरगी अजून गेली नव्हती आणि मी तिला परत आणून मोकळा झालो होतो.

तिची आई प्रेमिलाबाई मला पाहून जागीच थबकली. तशीच भाऊंच्या कार्यालयात गेली. परत येताना भाऊ तिच्यासोबत चौकापर्यंत आले.

"भाऊ, पोरगी जमिनीवरच हाये अजून. परतली म्हणून काहून लिहिलं?"

"जाणारच हाये ना वं ताई. जाईन तशी येईन. आधीच लावून ठेवलं तं काय बिघडते?"

"माह्या जीवाले घोर लागला हाये. उतरवा ते."

"वाढदिवस होऊ द्या, मंग पाहू," भाऊ म्हणाले आणि माझ्यासमोर उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला. प्रेमिलाबाई फोटोत येणार नाही याची काळजी तेवढी घेतली.

उड्डाणाआधी अंतराळवीरांना सगळ्यांपासून वेगळं ठेवतात. तिथेच रितिकाला ताप आला. नियमाप्रमाणे तिच्या जागी राखीव अंतराळवीर गेला. अख्ख्या वस्तीने टीव्हीवर यान वर जाताना पाहिलं, प्रेमिलाबाईनेही पाहिलं. तिने टाळ्या वाजवल्या आणि मग आत जाऊन दार लावून घेतलं.

काही दिवसांनी रितिका घरी आली. तिला माझ्याखालूनच जावं लागलं. शेजारची तुळसाबाई म्हणाली, "काहून वं रितिका, गेली कवा अन् आली कवा?" चहाच्या टपरीवरची माणसं हसली. रितिका मान खाली घालून निघून गेली. इतकी वर्षं घासून शिकलेली, पाण्याखाली, गरगर फिरणाऱ्या खुर्चीत सराव केलेली पोरगी, आणि माझ्यामुळे तिला चोरासारखं चालावं लागलं! मला तेव्हा फाटून जायचं होतं. पण मेलं आमचं कापड फाटतही नाही.

भाऊ फिरकले नाहीत. त्यांचा वाढदिवस होऊन गेला होता. शेवटी प्रेमिलाबाईच शिडीवर चढली आणि विळ्याने माझ्या दोऱ्या कापल्या.

तेव्हापासून मी तिच्या गच्चीवर वाळवणाखाली पडून होतो. भाऊंच्या चष्म्यावर मिरच्या, शुभेच्छुकांवर मुगवड्या. रितिकाच्या कोपऱ्यावर मात्र तिने कधी काही पसरलं नाही. ऊन खाऊन भाऊ पांढरेफटक पडले, याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

परवा पुन्हा बातमी आली. पुढच्या उड्डाणात रितिकाचं नाव आहे. संध्याकाळच्या आत भाऊ गच्चीवर हजर.

"तो फ्लेक्स द्या ना वं ताई. मजकूर तोच चालते. आता तं पक्कंच हाये."

प्रेमिलाबाईने मिरच्या सुपात भरल्या. खालून कात्री आणली. माझा उजवा कोपरा तिने सरळ कापून काढला आणि उरलेला अख्खा पसारा गुंडाळून भाऊंच्या हातात दिला.

"हे तुमचं. न्या तुम्ही."

"अन् रितिका?"

"पोरगी जाईन, येईन, या दारात पाय ठेवीन. मंग या तुम्ही. तोवर तिचं नाव घेऊ नका."

भाऊ गुंडाळी बगलेत मारून जिना उतरले.

आता मी हातरुमालाएवढा उरलो आहे. बुद्धाच्या मूर्तीमागे भिंतीला टेकून असतो. माझ्यावर रितिकाचा चेहरा आहे, परका झेंडा आहे आणि डोक्यावर पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द तेवढा शिल्लक आहे, 'सुखरूप'. प्रेमिलाबाई रोज सकाळी तेवढा शब्द पदराने पुसते.

चौकाचौकात फ्लेक्स लावणाऱ्यांनो, तुमच्यावरचा राग माझ्या मनातून जाणार नाही. पण एवढं ऐका. ती पोरगी खरोखर परत आली, तर त्या दिवशी चौक मोकळा ठेवा. तिला मान वर करून घरी येऊ द्या.