सांगेपर्यंत येऊ नका

दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत म्हाताऱ्यांची बैठक भरायची, आणि ती भरवायची आरोग्यताई. कागदोपत्री तिचं काम एवढंच, की रक्तदाब तपासायचा. पण नुसत्या रक्तदाबासाठी कोण दोन जिने चढतो? म्हणून ताईने चहा सुरू केला, मग पत्ते, मग गाणी. आणि बघता बघता दंडाला पट्टा बांधून घेणं हे निमित्तापुरतं उरलं. जो आला नाही त्याच्या दारात ती शुक्रवारी हजर. "बाई आहे की वॉरंट?" असं कुरकुरत म्हातारे मनातून खूश व्हायचे.

टेलरकाका त्यांतले सगळ्यांत बोलके. हात थकले म्हणून दुकान बंद केलेलं, जीभ मात्र कात्रीसारखी चालायची. एका गुरुवारी ते खोकत आले, तर ताईने त्यांना जिन्यातच अडवलं.

"काका, वर सगळी ऐंशीच्या घरातली माणसं आहेत. मी सांगेपर्यंत यायचं नाही."

"जशी आज्ञा, सरकार," म्हणत काका माघारी वळले.

त्याच आठवड्यात ताईच्या मुलीचं बाळंतपण आलं, आणि ते जिवावर बेतलं. ताई तीन आठवडे दवाखान्यातून हलली नाही. मुलगी वाचली. ताई कामावर परतली, तेव्हा आपण काय सांगून ठेवलंय हे तिच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. काका दिसेनात, तर तिला वाटलं, आपण तीन आठवडे नव्हतो म्हणून रुसले असतील, येतील आपणहून. एरवी कुणाची पाठ न सोडणारी बाई नेमकी इथे गाफील राहिली.

सातव्या आठवड्यात काका झोपेतच गेले. ताई घरी भेटायला गेली, तेव्हा सून म्हणाली, "दर गुरुवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बसायचे. खोकला तर चार दिवसांत गेला होता. आम्ही म्हणायचो, जा ना आता. तर म्हणायचे, ताईनं अजून सांगितलं नाही, माझ्यापायी कुणाला काही झालं म्हणजे?"



"किती दिवस थांबायचं होतं हो त्यांनी?" सुनेने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ताईला एखाद्या आजाराचं नाव पुढे करून वेळ मारून नेता आली असती. कुणाला कळलंही नसतं.

"दहा दिवस," ताई म्हणाली. "मी सांगायचंच विसरले."

सून पदराने डोळे पुसत म्हणाली, "फोन लावू का विचारलं, की रागवायचे. म्हणायचे, तिची पोर दवाखान्यात आहे, तिला कशाला त्रास? गुरुवार काय कुठे पळून जातात?"

ताई भिंतीला टेकून तिथेच खाली बसली. सुनेने तिला जा म्हटलं नाही, आणि बसा असंही म्हटलं नाही.